डाव्या दाढेचा लेप

आमच्या धंद्यात आधी शेळीचा ओठ खाली ओढायचा आणि मग मालकाशी बोलायचं. मालक काहीही सांगतो. पुढचे दोन दात बदललेले असले तर दोन दाती, मग चार, मग सहा, आणि सगळे भरले की जुळलेली. अंगठ्यानं ओठ ओढला की जनावराचं वय समोर उभं राहतं, त्यात बोलण्यासारखं काही उरत नाही.

माहेरी मेंढरं होती. माझ्या लहानपणीच वडलांनी कळप मोडून शेती धरली, पण हाताला लागलेलं वळण गेलं नाही. लग्न होऊन कळंबला आले तेव्हा वडलांनी बरोबर एक पाठ दिली होती, म्हणजे अजून न व्यालेली शेळी. त्या एका पाठीवरून मी धंदा उभा केला. नवरा उसाकडं बघायचा आणि मी इंदापूरच्या, बारामतीच्या बाजारात शेळ्या घ्यायचे, विकायचे. बाजारात बापेमाणसं हातावर रुमाल टाकून खाली बोटांनी भाव करतात. बाईचा हात रुमालाखाली कोण घेणार? मी सगळे सौदे तोंडानं केले, उघड्यावर, चारचौघांत. माझा आवाज चढा आहे तो त्यामुळं. लोक मला तापट म्हणतात. पण हळू बोलणाऱ्या बाईला बाजारात कुणी शेळी विकत नाही, लंगडी शेळी विकतात.

फसले मी एकदाच, आणि तेही सख्ख्या धाकट्या भावाकडून. त्यानं मला एक शेळी दिली. नुकतीच जुळलेली आहे, अजून पुष्कळ वेतं देईल, म्हणाला. मी ओठ ओढला, दात आखूड आणि एकसारखे होते. घरचा माणूस म्हणून दाताला नख लावून बघितलं नाही. शेळी म्हातारी निघाली. लांब झालेले, फटी पडलेले दात कुणीतरी कानशीनं घासून सारखे केले होते आणि वरून कसलंतरी काळपट फासलं होतं. ती परत व्याली नाही, आणि कडबा चावता येईना म्हणून वाळत गेली. भाऊ आजही म्हणतो, मला माहीत नव्हतं. त्याच्या या म्हणण्यालाही मी कधी नख लावू शकले नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढं जे झालं त्यात तोच भाऊ होता आणि पुन्हा दातच होते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी मुलगी पहिलीत जात होती. तिच्या दुधाच्या दाढांच्या मागं, खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना, नव्या दाढा वर आल्या. पोरगी माठातलं पाणी प्यायची बंद झाली. पेला तोंडाला लावायची आणि बाजूला ठेवायची. भाकरी पुढच्या दातांनी कुरतडायची. मी म्हटलं, ही काय तऱ्हा? तिचं तोंड उजेडाकडं करून बघितलं. वरच्या दाढा धड होत्या. खालच्या दोन्ही दाढा खडूसारख्या होत्या, पांढऱ्या, वर पिवळेतपकिरी डाग. डाव्या दाढेला नख लावलं तर खरखरीत लागली. उजवीला नख लावलं तर पोरगी ओरडली आणि माझ्या नखात पांढरी भुकटी आली.

शेजारणी म्हणाल्या, दुधाची असंल, पडून नवी येईल. मी दात बघूनच पोट भरते, मला हे कोण सांगणार? ती दाढ कुठल्याही दाढेच्या जागी आलेली नव्हती. ती सगळ्यांच्या मागं, स्वतःच्या जागेवर आली होती. ती पक्की दाढ होती आणि जन्मभर तीच असणार होती.

इंदापुरात बाजाराच्या रस्त्याला एक दात काढणारा बसायचा. त्याच्याकडं नेली. त्यानं आत डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "किडल्यात. दोनी काढू."

"नव्या येतील का?"

"आता कुठनं येत्यात?"

"मग काढायच्या कशाला?"

"दुखायच्या थांबतील."

तेवढ्यात त्याचा हात चिमट्याकडं गेलासुद्धा होता. दुकानात पाय ठेवल्याबरोबर जो आपला माल काढून घ्यायला निघतो, त्याच्यापाशी मी थांबत नाही. पोरीला उचलली आणि दुकानाची पायरी उतरले.

त्याच आठवड्यात भाऊ घरी आला. तो बारामतीला ट्रकवर होता, येता-जाता डोकावायचा. त्यानं भाचीकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, बारामतीत एक डॉक्टरीण आलीया. माझ्या पोराच्या दाताला तिनं लेप लावला. ती दात काढत न्हाय, दाताला लावती. दात टणक हुतो म्हणं."

"दाताला लावती?"

"व्हय. पिवळं असतंय कायतरी."

दाताला काहीतरी लावतात, हे वाक्य त्यानं माझ्यासमोर, माझ्याच घरात, माझा चहा पीत उच्चारलं. मी विचारलं, "तुला काय मिळतं त्यातलं?"

"मला काय मिळायचं? भाची हाय माझी."

"त्या शेळीच्या वेळंलाबी तुला काय मिळालं न्हवतं म्हणं."

त्यानं कप खाली ठेवला. "आक्का, तू मरूस्तवर ती शेळी राखणार हायस," म्हणाला, आणि ट्रककडं निघून गेला.

मी जाणार नव्हते. पण पोरगी दिवसेंदिवस शाळेतून डबा तसाच परत आणायला लागली. ओढलेला चेहरा मला शेळीचाही बघवत नाही. मग एका बाजाराच्या दिवशी लासुर्ण्याच्या फाट्यावरून एस.टी. धरली आणि तिला घेऊन बारामतीला गेले.

दवाखाना स्टँडपासून जवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वर होता. बाहेरून लोखंडी जिना. डॉक्टरीण म्हणजे कोवळी पोर, केस बांधलेले, चष्मा. आणखी चार माणसं बाकावर होती. तिनं मला आत घेतलं आणि म्हणाली, "या मावशी, बसा." ओळख ना पाळख आणि मावशी. नातं लावून जो बोलायला सुरुवात करतो, त्याचा माल मी दोनदा बघते.

पण तपासलं मात्र तिनं नीट. आरसा घालून, दिवा धरून, पोरीला न दुखवता. मग मला म्हणाली, "दाढ हिरडीतून वर येते तेव्हा थोडी कच्चीच असते. आपल्या लाळेत क्षार असतात, ते दाढ ओढून घेते आणि हळूहळू पक्की होते. हिच्या दोन दाढांचं वरचं कवच मुळातच कच्चं तयार झालंय. त्यावर एक लेप लावू. फ्लोराइडचा. तो असला की ते क्षार दाढेत लवकर बसतात आणि कवच टणक होतं. काही महिन्यांनी परत लावायचा, असं काही काळ करायचं."

फ्लोराइड म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्याकडं बोअरच्या पाण्यावरून तेव्हा बोलणं चालायचं. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की गावच्या गाव पिवळ्या दाताचं होतं, असं शाळेतल्या गुरुजींनी सगळ्यांना सांगितलं होतं.

मी म्हणाले, "बाई, ज्यानं दात खराब हुत्यात तेच दाताला लावायचं?"

"पोटात जास्त गेलं, तेही दात आत तयार होत असताना, तर खराब होतात. बाहेर आलेल्या दाताला थोडं वरून लावलं तर फायदा होतो."

खरं सांगायचं तर हे मला पटलं. आम्ही शेळ्यांच्या खुरांना मोरचुदाचं पाणी करतो. ते शेळी प्याली तर मरते. त्यात पाय बुडवले तर खूर टणक होतो. पण पटलेलं चेहऱ्यावर दाखवायचं नसतं. मी म्हणाले, "पोरीनं गिळलं तर?"

"अगदी थोडं असतं. आणि ते चिकटून बसतं."

तिनं एक छोटी बाटली काढून दाखवली. मी झाकण उघडायला लावून वास घेतला. राळेचा वास. सुतार लाकडाला चोपडतात त्या रोगणासारखं पिवळं, दाट. माझ्या डोळ्यांसमोर ती घासलेल्या दातांची शेळी येऊन उभी राहिली. पुढच्या बाकावर बसून माझा भाऊ हसतोय असंही वाटलं.

"माझ्या भावाला तुमी काय देता?" मी विचारलं.

"कोणाला?"

तिला खरंच कळलं नव्हतं, किंवा न कळल्याचं ती चांगलं दाखवत होती. मी तो विषय सोडला आणि माझ्या पद्धतीवर आले.

वस्तीवर जंताची, गोचिडाची औषधं विकणारे यायचे. प्रत्येकाची बाटली रामबाण. मी बाटली घ्यायचे, पण औषध निम्म्या कळपालाच द्यायचे. ज्यांना दिलं त्यांच्या शिंगांना गेरू. काही दिवस गेले की गेरूच्या आणि बिनगेरूच्या शेजारी उभ्या करायच्या आणि हात फिरवून बघायचं. फरक दिसला तर विक्रेत्याला परत दारात घ्यायचं, नाहीतर कुत्रं सोडायचं. या रीतीनं मला कधी दगा दिला नव्हता.

"असं करा," मी म्हणाले. "दोन दाढा हायत. एकीला लावा. दुसरी ऱ्हाऊ द्या. फरक पडला तर दुसरीला लावू."

तिनं चष्मा वर सरकवला. "मावशी, असं करत नाहीत."

"का बरं?"

"दोन्ही दाढा एकाच मुलीच्या आहेत."

"मग काय झालं? तुमचा माल खरा असंल तर तुमाला भ्याव कशाचं?"

"मला भीती नाही. दाढेकडे तेवढा वेळ नाही."

वेळ नाही, संपत आलाय, आजच घ्या, हे मी रोज ऐकते. माझा आवाज चढला. बाकावरची माणसं दारातून वाकून बघायला लागली. मी म्हणाले, दातावर रंग फासून विकणारे मी बाजारात पुष्कळ बघितलेत, माझ्याच रक्ताचे बघितलेत. तिचा चेहरा लाल झाला. पण ती एवढंच म्हणाली, "लावायचं तर दोन्हीला लावेन."

मी पोरीचा हात धरला, पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

आता हे बाजारात उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. उठून जाणं म्हणजे जाणं नसतं. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागतं तेव्हाच खरा सौदा सुरू होतो. ज्याचा माल पक्का असतो तो जागचा हलत नाही, तंबाखू मळत बसून राहतो. गिऱ्हाईक स्टँडपर्यंत जातं, चहा पितं, आणि परत येतं. ज्याचा माल कच्चा, तो मागून हाक मारतो आणि खाली उतरतो. मी जिना उतरताना कान मागं ठेवूनच उतरत होते.

हाक आली. "मावशी, या. एका बाजूला लावते."

सौदा मी जिंकला होता. आणि जिंकल्या क्षणी मला वाटलं, म्हणजे माल कच्चा आहे.

वर आल्यावर तिनं पोरीला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "मग निदान उजवीला लावू. ती जास्त कच्ची आहे."

मी तिच्याकडं बघितलं. समोरचा स्वतः बोट दाखवून एक जनावर पुढं करतो तेव्हा ते घ्यायचं नसतं. ती उजवी का म्हणते? उजवीत तिला काहीतरी ठाऊक असणार. कदाचित उजवी आपोआप सुधारणारी असेल आणि नाव लेपाचं होईल. मी म्हणाले, "डावीला लावा."

"मावशी, उजवी..."

"डावी. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

तिनं डाव्या बाजूला कापसाचे बोळे ठेवले, दाढ वाऱ्यानं कोरडी केली आणि छोट्या ब्रशनं तो पिवळा लेप लावला. लाळ लागल्यावर तो जागच्या जागी घट्ट झाला. आज कडक काही खायला देऊ नका, उद्या सकाळपर्यंत दात घासू नका आणि लेपाला हात लावू नका, असं तिनं बजावलं. हात लावू नका म्हटल्यावर माझा हात राहतो होय? एस.टी. बारामतीच्या बाहेर पडायच्या आत मी पोरीचा ओठ बाजूला केला आणि कडेचा थोडा लेप नखानं खरवडला. राळेसारखा चिकट. नखात पिवळं राहिलं. पोरगी म्हणाली, "आये, बाईंनी हात लावू नगं म्हणलं हुतं." मी म्हणाले, "गप बस."

दुसऱ्या दिवशी दात घासल्यावर सगळा पिवळेपणा गेला. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. म्हणाले, बघा, रंगच होता.

पुढच्या वेळी मी तिच्याकडं गेले ते भांडायलाच. ती म्हणाली, "तो जाणारच असतो. त्याला जे द्यायचं ते त्यानं दाढेला दिलेलं असतं." मी एवढी वर्षं व्यापार करते, पण दिसत नाही, मोजता येत नाही आणि घेऊन झाल्यावर निघून जातो, असा माल मी तिथंच पहिल्यांदा बघितला. पण तोवर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि ती मी तिला सांगितली नव्हती. पोरगी डाव्या बाजूनं पाणी प्यायला लागली होती.

मग प्रत्येक वेळी बाजाराला आले की, तिनं सांगितलेली वेळ झालेली असली तर पोरीला घेऊन वर जायचे. डावीला लेप. दर वेळी ती विचारायची, "आता दुसरीलाही लावू या?" दर वेळी मी म्हणायचे, "अजून बघू." डाव्या दाढेचा खडूपणा कमी होत गेला. डाग राहिले, पण वर गुळगुळीत झाली. माझं नख त्यावरून घसरायला लागलं. भाकरी पोरगी डावीकडं चावायला लागली.

मग मी दुसरीला का लावू दिला नाही, असं कुणीही विचारील. नवऱ्यानं विचारलं, भावानं विचारलं. त्याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही होतं आणि आताही आहे. डावी मुळात कमी कच्ची होती. ती आपोआपही सुधारली असती. डॉक्टरीणच म्हणाली होती ना, लाळेतले क्षार घेऊन दाढ पक्की होते. मग हे लाळेचं काम की लेपाचं? गेरूची शेळी धष्टपुष्ट दिसते, पण ती आधीपासूनच धष्टपुष्ट नव्हती कशावरून? हे तपासून घेतल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते. मी थांबले. मला घाई करणाऱ्यांचा राग येतो.

एके दिवशी उसाच्या गाड्या कारखान्याला चालल्या होत्या. शाळेतून येणारी पोरं गाडीच्या मागून कांड्या ओढून काढायची, ते काही आमच्या गावात नवं नव्हतं. पोरीनं कांडं ओढलं. सोलताना डावीकडंच सोलत होती, पण चावताना तुकडा उजवीकडं गेला. घरी आली ती गाल धरून. ओंजळीत उसाचा चोथा होता आणि चोथ्यात दाढेचा तुकडा. मी तो उचलून उजेडात बघितला. बाहेरून पिवळा, आतून खडू. बोटांत चुरला तर चुरला गेला.

मी त्याच दिवशी बारामती गाठली. डॉक्टरिणीनं दिवा धरला, आरसा धरला, बराच वेळ बघितलं. मग दिवा बंद केला.

"आता लेपानं काही होणार नाही. आतपर्यंत गेलंय. ही काढावी लागेल."

"दुसरं कायच न्हाय?"

"एवढ्या मोडलेल्या दाढेला नाही. हिच्या मागं अजून एक दाढ यायची आहे. ही वेळेत काढली तर मागची पुढं सरकून बरीचशी जागा भरेल."

मी वाट बघत होते की ती आता म्हणेल, मी सांगितलं होतं. ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं गेलं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते उत्तर मी तरीही दिलं.

"तुमी डॉक्टर हाय का मी?"

ती हात धूत होती. पाणी बंद करून माझ्याकडं वळली.

"एक बाई यिऊन म्हणती एका दाढेला लावा, आन् तुमी लावता? मी शेळ्या इकणारी बाई. मला दाढेतलं काय कळतंय? मी भाव पाडत हुते. भाव पाडणं माझं काम हाय. तो पडू न देणं तुमचं काम हुतं."

"तुम्ही जिना उतरला होतात," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच माझ्याइतका चढला होता. "तुम्ही गेला असतात तर परत आला नसतात. दोन्ही दाढा गेल्या असत्या. मी एक तरी वाचवली."

"आन् दुसरी इकली."

"दुसरीला तुम्ही लावू दिलं नाहीत, मावशी."

"म्हणजे तुमी सौदा केला. माझ्या पोरीच्या तोंडात."

 खुर्चीत बसलेली पोरगी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग गालावरचा हात काढून म्हणाली, "बाई, लय दुखंल का?"

 डॉक्टरीण स्टूल ओढून तिच्याजवळ बसली आणि सुईचं सांगायला लागली. दाढ निघाली तेव्हा मी पोरीचे पाय धरून उभी होते. शेळीचे पाय धरायची सवय, तसे धरले. निघालेली दाढ तिनं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि मग विचारलं, "डावीला आज लावायचाय. लावू?"

मी हो म्हणून मान हलवली. खाली उतरताना पाहिलं तर भाऊ जिन्यापाशी ट्रक लावून उभा होता. कुणाकडून तरी कळलं असावं.  त्यानं भाचीला उचलून पुढं बसवलं आणि आम्हाला कळंबला आणून सोडलं. उतरताना म्हणाला, "आक्का, आता त्या शेळीजवळ अजून एक बांधू नगंस." मी दार आपटलं.

मी ती बांधली. त्याला मी काय करू? पुढं कित्येक दिवस, बाजारात कुणी उठून चालायला लागलं की मला तो लोखंडी जिना आठवायचा. तिला आपल्या लेपाची खात्री होती. मग हाक का मारली? जागेवर बसून राहिली असती तर मी स्टँडवर चहा प्याले असते, राग गिळला असता आणि परत वर गेले असते. बाजारात प्रत्येकाला हे कळतं. एवढी शिकलेली बाई, तिला हे कसं कळलं नाही? माझं भांडण लेपाशी कधीच मिटलं. ते त्या हाकेशी आहे.

डॉक्टरिणीकडं जाणं मात्र मी सोडलं नाही. ज्याचं बोलणं दाताला नख लावून तपासता येईल, असं दुसरं माणूस मला बारामतीत मिळालं नाही. दर वेळी आम्ही भांडलो, दर वेळी तिनं मावशी म्हटलं.

मुलगी सातवीत गेली तेव्हा मागच्या दाढा आल्या. उजवीकडची, डॉक्टरीण म्हणाली होती तशी, रिकाम्या जागेकडं झुकत पुढं आली, जरा तिरकी. मी पोरीचा ओठ ओढायला हात पुढं केला तर ती मागं सरकली. म्हणाली, "मी बघितलंया आरशात. जरा पांढरट हाय. बाईंकडं जाऊ."

गेलो. जिन्याच्या खाली आल्यावर तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "तू हितंच थांब."

"का?"

"वर आलीस की भाव करतीस."

ती एकटी वर गेली. मी खाली उभी राहिले. कापडाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मावशी, आत यिऊन बसा की." मी बसले नाही. वरून काही ऐकू येतंय का बघत होते. कुणाचा आवाज चढला नाही. एवढ्या शांततेत कुठला सौदा होतो, याचा मला संशय येत राहिला.

ती खाली आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं. मी अंगठा पुढं केला. या वेळी तिनं तोंड उघडलं. डावीकडं पिवळं होतं, उजवीकडंही पिवळं होतं. माझं नख आपोआप उजवीकडच्या दाढेकडं गेलं. तिनं माझं मनगट धरलं.

"उद्या सकाळपर्यंत न्हाय," ती म्हणाली.

मी हात खाली घेतला. स्टँडकडं चालताना तिनं विचारलं, "आये, त्या दिशी बाईंनी हाक मारली नसती, तर तू खरंच परत वर आली असतीस?"

"आले असते," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. बाजारात मी लोकांकडं बघते, तसं.